पाट्याचे सत्तूर

घण मारणाऱ्या बाईचा एक दंड दुसऱ्यापेक्षा जाड होतो. माझा उजवा अजून तसाच आहे, साठी उलटून किती वर्षं झाली तरी. ब्लाऊज शिवायला टाकला की शिंपीण हटकून विचारते, "मावशी, एका बाहीला कापड जास्त सोडू का?" सोड बाई, म्हणते मी, आता तो काही बारीक व्हायचा नाही. आमच्या घराण्यात घण बायकाच मारतात. पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून ऐरणीवर ठेवतो, दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीनं जिथं घाव पाहिजे तिथं टिचकी मारतो, आणि बाईनं नेमका तिथंच घण आणायचा. बोलायचं काही नाही. आप्पांची हातोडी टिंग वाजायची, त्यावर आईचा घण धप्प. आमच्या चारी बाजूंना यंत्रमागाचे कारखाने, त्यांची खटखट दिवसभर चाललेली, आणि तिच्यात आमचं हे टिंग-धप्प. पाहुणे आले की कानावर हात ठेवायचे. "ह्या गलक्यात तुमी जेवता तरी कसं?" जेवायचो की, चांगली भाकरी कुस्करून जेवायचो! उलट सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की आम्हालाच घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटायचं.

मी दहावीला बसले त्या वर्षी आईचा खांदा निखळला. हाडवैद्यानं बसवला, पण घण उचलायचा खांदा तो राहिला नाही. मग आई बऱ्या हातानं भाता मारायला बसली आणि घण माझ्याकडे आला. दहावी झाले का, असं विचाराल तर झाले, इंग्रजीत अगदी काठावर. पण पुढं शिकायचं माझ्या मनातही नव्हतं, हे आज खरं सांगते. मला ते काम आवडायचं. सकाळी भट्टी पेटली की आई भात्यापाशीच तव्यावर भाकरी टाकायची, कडक होईपर्यंत शेकायची, आणि शेंगाची चटणी घट्ट दह्यात कालवून आम्ही तिघं ऐरणीभोवती बसून खायचो. चटणीत थोडी राख पडायचीच. आप्पा म्हणायचे, "खावा, लोखंडाच्या औशिदाला कोण पैसं मोजतंय?" तेवढ्या एका विनोदावर आमची वर्षं निघाली.

आप्पा सत्तूर करायचे, खाटकाचे. कोयते, खुरपी, अडकित्ते सगळं करायचे, पण जीव सत्तुरात. आणि ते करायचे ट्रकच्या पाट्याचे. ट्रकच्या चाकांवर त्या कमानी असतात ना, एकाखाली एक लावलेल्या जाड पट्ट्यांच्या, त्यातली पट्टी म्हणजे पाटा. हैदराबाद रोडच्या गॅरेजांतून मोडक्या कमानी भंगारात पडायच्या, तिथून आप्पा एकेक पाटा बोटानं वाजवून निवडून आणायचे. लोक नाक मुरडायचे. बाजारात चकचकीत, परदेशी नावाचा शिक्का मारलेल्या सुऱ्या यायला लागल्या होत्या. त्या आरशासारख्या, आणि आमचे सत्तूर काळे, वर हातोडीचे वण. "भंगाराचा हाय व्हय?" असं कुणी म्हटलं की आईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आप्पा शांत. म्हणायचे, "ह्या पाट्यानं पंधरा वर्सं उसाचा लोड घिऊन खड्डं खाल्ल्यात. त्याला बोकडाच्या हाडाचं काय कवतिक?" आता माझा नातू मोबाईलवर दाखवतो, त्या पोलादाला म्हणे चार आकडी नंबर आहे, जगभरचे लोक त्याच्या तलवारी करतात आणि त्यावर वाद घालतात. मला त्या पोराचा रागच येतो. आप्पा गेले तेव्हा कुठं होता तुझा नंबर?

पाट्याला धार येते ती ठोकून नाही, ती पाणी देताना येते. आम्ही पाणी देणं म्हणतो खरं, पण पाट्याला पाणी चालत नाही, तडकतो. त्याला गॅरेजमधलं जळकं तेल लागतं. सत्तूर घडून झाला की शेवटचा तापवायचा. रंग यायला लागतो. आधी काळपट लाल, मग सोललेल्या डाळिंबाच्या दाण्याचा, आणि तो दाण्याचा रंग आला की तिथंच उचलून तेलात बुडवायचा. त्याच्या अलीकडे उचललात तर धार मऊ राहते. पुढं गेलात, संत्र्यासारखा होऊ दिलात, तर पोलाद जळतं. दिसायला काही दिसत नाही बरं का, वरून तसंच सुंदर, पण आतून त्याचा दाणा मोठा होतो आणि ते कधी ना कधी मोडतं. म्हणून या कामाला आमच्याकडे एक शिस्त होती. शेडच्या दाराला गोणपाटाचा जाड पडदा होता. पाणी द्यायच्या दिवशी तो सोडायचा, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबायच्या, बाहेरच्या कुणाला आत घ्यायचं नाही. का? तर नजर लागते. आप्पांना त्यांच्या वडलांनी असंच सांगितलेलं. "पोलादाचा जीव तवा नाजूक असतुया. परक्याची नजर पडली की तडाकतंय." मी लहानपणापासून हेच ऐकलं आणि सोळा आणे खरं मानलं.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे दगडूमामा खाटीक. नात्यानं मामा नव्हेत, सगळा पेठेचा भाग त्यांना मामा म्हणायचा. पोट सुटलेलं, आवाज खणखणीत, तोंडात कायम तंबाखू. नवा सत्तूर झाला की पहिला त्यांच्या ओंडक्यावर जायचा. मामा बोकडाच्या पायाच्या दहा जाडजूड नळ्या एकामागून एक ठेवायचे आणि दहा घाव घालायचे, पात्याच्या एकाच जागेनं, जीव तोडून. मग धार अंगठ्याच्या नखावरून ओढायचे. नखाला कुठं अडकली नाही की म्हणायचे, "लोहारा, तुझ्या हातावर वाळ्यावानी सोनं घालाय पायजे रं!" आणि फोडलेल्या दहाही नळ्या कागदात बांधून माझ्या हातात द्यायचे. त्या रविवारी आमच्याकडे नळ्यांचा रस्सा, वर तेलाचा लाल तवंग, आणि नळी ताटावर आपटून आतलं काढून खाताना आप्पा अगदी लहान मुलासारखे दिसायचे. मामांकडे आप्पांचा एक सत्तूर पंधरा वर्षं चालला होता. घासून घासून निम्मा झालेला, पण एक दात पडला नव्हता त्याला.

मग आप्पांच्या डोळ्यांवर सारा आला. मोतीबिंदू. आधी कुणाला सांगितलंच नाही त्यांनी. सांडशी समोर पडलेली असायची आणि ते चाचपडत बसायचे, आई मुकाट्यानं पायानं त्यांच्याकडे सरकवायची. एक दिवस त्यांनी गार समजून तापता तुकडा उचलला. चार बोटं भाजली. डॉक्टर ऑपरेशन म्हणाले, पण आप्पांच्या चुलत भावाचा एक डोळा तसाच गेलेला, त्यामुळं नाव काढू देईनात. गंमत म्हणजे भट्टीतलं लाल लोखंड त्यांना नीट दिसायचं. अंधारात तेवढंच तर उजेडाचं असतं. दिसायची नाहीत ती काळी अवजारं, खुणा, जमीन. माझा जीव तुटायचा. तेव्हाच शेजारच्या कारखान्याचं छप्पर बदलत होते आणि तिथं एक पांढरा फायबरचा पत्रा उरला होता, ज्यातून उजेड खाली येतो तसला. मी मालकिणीकडून तो मागून घेतला, स्वतः शिडी लावून वर चढले, ऐरणीवरचा जुना पत्रा काढला आणि हा बसवला. कुणी सांगितलं नव्हतं. माझीच अक्कल.

आप्पा खाली उभे राहून वर बघत होते. सोलापूरचं वैशाखातलं ऊन सरळ ऐरणीवर उतरलं. "अरं तिच्या!" म्हणाले, "सांडशी दिसली की! हितली भेग बी दिसतिया." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या दिवशी इतकी खुशीत होते की आरशासमोर उभी राहून स्वतःलाच हसले. मग जेठ लागला, आखाड तोंडावर आला. आखाडात घरोघरी मटण, देवीला बोकड, खाटकांना श्वास घ्यायला सवड नसते, त्यामुळं नवे सत्तूर सगळ्यांना त्याच्या आधी हवे असतात. त्या महिन्यात आम्ही अकरा केले. पाणी द्यायच्या दिवशी नेहमीसारखा पडदा सोडला, चिंध्या कोंबल्या, आईनं उंबऱ्यावर लिंबू ठेवलं. सगळं रीतीनं झालं. फक्त वरून ऊन येत होतं, आणि वरून कुणाची नजर पडणार! आप्पा म्हणत होते, "रंग आज लवकर ईना. आये, वारा दे अजून." आपल्या बायकोला ते आये म्हणायचे. आई भाता मारत होती. मीही वाकून बघितलं, मलाही रंग आला नाही असंच वाटलं. "अजून थोडा, आप्पा," मी म्हणाले. हे माझे शब्द आहेत.

अकराच्या अकरा सत्तूर विकले गेले. मामांनी दहा घाव घातले, नखावर धार ओढली, खूश झाले, नळ्या दिल्या. आखाडातल्या दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी सकाळी मी ऐरणीजवळ झाडत होते, तर समोरच्या गल्लीतली एक बाई चपला हातात घेऊन पळत आली. मटणाच्या रांगेत होती ती. "आप्पा कुटं हाईत? सत्तूर मोडलाय! मामाच्या हातात घुसलाय!" मी आप्पांचा हात धरला आणि आम्ही पळालो. दुकानासमोर माणसं दाटीनं उभी. ओंडक्यावर बोकडाचं मुंडकं अर्धं फुटलेलं. मामा खाली फतकल मारून बसलेले, डावा हात लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला आणि फडकं ठिबकत होतं. सत्तूर मधूनच तुटला होता. पुढचा तुकडा उसळून त्यांच्या डाव्या मनगटात शिरला, मांस धरलेल्या हातात. मामांनी आप्पांना बघितलं आणि एवढंच म्हणाले, "काय झालं रं हे, लोहारा?"

त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आप्पा मात्र ओंडक्यापाशीच राहिले. म्हणाले, "तुकडा दे." मी दिला. त्यांनी तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, मग नख फिरवलं. चांगल्या पोलादाची मोडलेली कड राखेसारखी बारीक लागते. त्यांनी तुकडा माझ्या हातात दिला. "बग. रवा हाय का न्हाय?" होता. उन्हात एकेक दाणा चमकत होता, लाडवाच्या जाड रव्यासारखा. "जाळलं मी त्याला," आप्पा म्हणाले. मग परत, "पर कसं जाळलं? रंग तर डाळिंबाचाच हुता की." ते मला विचारत नव्हते. पण मी जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं.

मामांचा जीव वाचला, हात गेला. म्हणजे कापावा लागला नाही, पण आतल्या शिरा तुटल्या होत्या. अंगठा आणि दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. दुकान त्यांच्या मुलानं चालवायला घेतलं. इकडं आप्पांनी दुसऱ्याच दिवशी मला बरोबर घेऊन खाटीक गल्ली आणि मंगळवार बाजार पालथा घातला. उरलेले दहा सत्तूर एकेका दुकानातून मागून परत आणले. भर आखाडात कोण हातातला सत्तूर देतो? लोक चिडायचे. आप्पा हात जोडायचे. "देवा मला. तुमच्या हातात मी मरान ठिवलंय." घरी आल्यावर त्यांनी एकेक ऐरणीच्या कडेवर धरला आणि मला म्हणाले, "हाण." मी घण मारला. पहिला एका घावात मोडला. दुसरा मोडला. तिसरा, चौथा. आप्पा प्रत्येकाची कड नखानं चाचपायचे आणि बाजूला ठेवायचे. दहाव्यानंतर त्यांनी मामांकडून आणलेला तो पंधरा वर्षांचा निम्मा झिजलेला सत्तूर धरला. "आता हाण, जोर लावून." मी सगळा राग काढला त्याच्यावर. तो वाकला, थरथरला आणि सरळ झाला. मी परत हाणला. परत सरळ. आप्पांनी तो मांडीवर घेतला आणि खूप वेळ त्याच्यावर हात फिरवत बसले. "हे बी ह्याच हातानं केलंय," म्हणाले. आई भात्यापाशी तोंडात पदर कोंबून रडत होती.

त्या दिवसानंतर आप्पा भट्टीपाशी आले नाहीत. आई बोलली, भांडली, उपास केले, काही उपयोग झाला नाही. महिनाभरात ते शेजारच्या कारखान्यात कांड्या भरायला जायला लागले. धाग्याच्या कांड्या भरणं हे म्हाताऱ्या बायकांचं काम. त्यांच्यात हा लोहार मांडी घालून बसायचा. एवढाले जाड हात, सूत तुटायचं, मग बायका तेलुगूत काहीतरी म्हणून हसायच्या आणि गाठ मारून द्यायच्या. घरात रस्सा शिजला नाही. टिंग-धप्प थांबलं आणि मागांची खटखट तेवढी उरली, तेव्हा मला कळलं की ती किती भिकार आहे. मला आप्पांचा रागही यायचा. चुकलं एकदा माणसाचं, म्हणून काय सगळं सोडून द्यायचं? असं मी आईला फणकाऱ्यानं म्हणायचे.

घर चालायला हवं म्हणून मीच भट्टी पेटवली. खुरपी तरी करावी. श्रावण सरत आला होता, आईनं भाता धरला, मी एक खुरपं पाणी द्यायला तापवलं. वरून ऊन पडलेलं. रंग काळपट लाल. मी म्हटलं, अजून नाही आला. एवढ्यात उन्हावर ढग आला. शेडमध्ये अंधारून आलं, आणि माझ्या सांडशीतलं खुरपं पिवळं झालं. झालं म्हणजे काय, होतंच ते पिवळं, संत्र्याच्याही पुढं गेलेलं. ढग सरला, ऊन आलं, खुरपं पुन्हा लाल दिसायला लागलं. मी तशीच उभी राहिले. आई म्हणाली, "काय गं?" मी काही नाही म्हणाले. आई आत गेल्यावर मी शिडी लावून त्या पत्र्यावर गोणपाट टाकलं आणि पुन्हा एक तुकडा तापवला. मग गोणपाट काढून. मग परत टाकून. चार वेळा केलं, मला खोटं ठरायचं होतं म्हणून. पडदा नजरेसाठी नव्हताच. कुणा पूर्वजानं तो अंधारासाठी लावला, कारण लोखंडाचा खरा रंग अंधारातच दिसतो. कारण सांगायचं तो विसरला किंवा सांगून कुणाला पटलं नाही म्हणून नजरेचं नाव घेतलं. आणि आम्ही शहाणे दाराला पडदा सोडून वरून ऊन आत घेत होतो. आप्पांचा हात चुकला नव्हता. डोळाही चुकला नव्हता. मी त्यांच्या डोक्यावर तो पत्रा बसवला होता.

त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. आप्पा कांड्या भरून आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. माझ्या तोंडाशी आलं होतं. सांगितलं असतं तर त्यांना त्यांचा हात परत मिळाला असता, आणि दगडूमामांचा हात घालवणारी मी ठरले असते. एवढंच होतं मध्ये. मी अठरा वर्षांची होते, भित्री होते, आणि स्वतःवर फार खूश असायची सवय होती मला. उद्या सांगू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी फायबरचा पत्रा काढला आणि जुना पुन्हा बसवला. आई खालून बघत होती. "का काढलास?" मी म्हटलं, "गळत हुता." आई म्हणाली, "परवाच्या पावसात तर न्हाय गळला." मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि भाकरी थापायला निघून गेली. तिनं तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. तिला कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. तिनं नवऱ्याकडे न बघता लेकीकडे बघितलं, आणि ते ओझंही मग माझ्याच डोक्यावर आलं.

वर्षभरानं मी पहिला सत्तूर केला. अंधारात, डाळिंबाच्या दाण्यावर उचलून, तेलात. आप्पांच्या मांडीवर नेऊन ठेवला. त्यांनी धार नखावर ओढली, पातं बोटानं वाजवलं, कानाशी धरलं. त्यांचा चेहरा मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळलेला बघितला. "सुमे, तुझा हात माझ्यापरास बरा हाय गं." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं पोरगी लाजली. पुढं ते येईल त्याला हेच सांगत सुटले, की माझा हात गेला तवा देवानं लेकीला दिला. माझं लग्न भट्टी सोडायची नाही या अटीवर झालं, मुलं झाली, माझे सत्तूर पार अक्कलकोटपर्यंत जायला लागले, आणि प्रत्येक वेळी आप्पा हेच म्हणायचे. पुढं त्यांनी ऑपरेशनही करून घेतलं. डोळे लख्ख आले. मला वाटलं, आता तरी हातोडी धरतील. नाही धरली. "डोळ्याचं काय न्हवतंच ते," म्हणाले.

अंथरुणाला खिळले तेव्हा एका दुपारी आम्ही दोघंच घरात होतो. मी त्यांना पेज भरवत होते. ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "सुमे, तू तर आता माझ्यापेक्षा शाणी झालीस ह्या कामात. खरं सांग. त्या दिशी माजं काय चुकलं हुतं?" त्यांनी मला इतक्या सरळ कधीच विचारलं नव्हतं. आता सांगून माझं काय जाणार होतं? माझी मुलं मोठी झालेली, मामा कधीचे सावरलेले. "वय झालं हुतं, आप्पा," मी म्हणाले. "भट्टीपुढं तास न् तास बसून माणूस दमतंय. एखांद्या येळी हात चुकतोच." ते माझ्याकडे बघत राहिले, त्या नव्या लख्ख डोळ्यांनी. "व्हय," म्हणाले, "तसंच असंल." आणि तोंड उघडून पुढचा चमचा घेतला. आठ दिवसांनी गेले.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दगडूमामा आले. पोट ओसरलेलं, काठी टेकत आले, डावा हात छातीशी धरलेला. आईशी बोलले, मग माझ्याजवळ बसले. म्हणाले, "तुला ठाव हाय का गं, तुजा बाप दर रईवारी माझ्याकडं याचा?" मला ठाऊक नव्हतं. आम्हाला ते सिद्धेश्वराच्या देवळात जातो म्हणून सांगायचे. मामा म्हणाले, "दुकानातल्या समद्या सुऱ्या घासून द्याचा. आन् आदी हा हात हातात घ्याचा. मी म्हनायचो, सोड की लोहारा, इतकी वर्सं झाली, मी माफ केलं तुला. तर म्हनायचा, मामा, तू करशील माफ, पर मी मागितलीच कुटं? माजं काय चुकलं त्येच मला उमगलं न्हाय. उमगल्याबगर माफी कशाची मागू?"

मी उठून त्यांच्यासाठी चहा आणला. त्यांनी उजव्या हातानं कप उचलून बशीत ओतायला घेतला. डाव्या हातात बशी राहत नव्हती. ती मी धरली, मामा पुढं वाकले आणि माझ्या हातातल्या बशीतून प्यायले, सगळा कप संपेपर्यंत.